आत्याचा वाफा

अळंबीला ओलावा भरपूर लागतो आणि हवाही खेळती लागते. पुण्याच्या साहेबांनी हे वाक्य उच्चारले तेव्हा देवमन वानखडेला ते फार सोपे वाटले. त्याने दोनदा मान डोलावली आणि काम अंगावर घेतले. मग मे महिना लागला आणि अमरावतीच्या उन्हात त्याला कळले, की ही दोन वेगळी वाक्ये आहेत आणि त्यांचे आपसात मुळीच पटत नाही. खिडकी उघडली की हवा येई आणि जाताना ओलावा घेऊन जाई. खिडकी लावली की ओलावा राही, पण खोलीला कुबट वास सुटे.

देवमन शेतकी खात्यात कामाला होता. मद्रासकडे भाताच्या तणसावर, म्हणजे पेंढ्यावर, अळंबी पिकवतात, तर ती वऱ्हाडात घरच्या घरी पिकेल का, हे साहेबांना पाहायचे होते. कचेरीत जागा नव्हती, म्हणून प्रयोग देवमनच्या परसात आला. तणस भंडाऱ्याहून रेल्वेने आले, कारण वऱ्हाडात भातच नाही. अळंबीचे बियाणे बाटल्यांतून आले. देवमनने बांबूच्या तट्ट्यांची खोली उभारली, तिला आतून-बाहेरून गोणपाट लावले, दाराला गोणपाटाचाच पडदा केला आणि आत विटांच्या थरावर भिजल्या तणसाचे दोन वाफे रचले. ते गुडघ्याएवढे उंच झाले. माणसाला टेकावेसे वाटेल इतकी ती उंची आहे, हे तेव्हा त्याच्या लक्षात आले नाही.

प्रयोग जमला तर खात्याची एक नवी शाखा अमरावतीत निघणार होती आणि देवमन तिथे कायम होणार होता. नाही जमला तर त्याची बदली ठरलेली होती. मेळघाटात, धारणीला.

"मी नाई येत धारणीले," त्याची बायको शालू पहिल्याच दिवशी म्हणाली. तिला गावातल्या शाळेत मास्तरीण म्हणून नुकतीच नोकरी लागली होती. त्यासाठी ती लग्नानंतर चुलीपुढे बसून शिकली होती. "तुमी तथी अन् मी अथी. मंग कायचा संसार?"

"अळंबी येते ना," देवमन म्हणाला.

"आली का?"

"अजून नाई."

गोणपाट तासाभरात वाळत. देवमन दिवसभर कचेरीत आणि शालू सुट्टीच्या वर्गाला. अशा वेळी तिवस्याहून देवमनची आत्या जयवंता डोळे दाखवायला आली. डॉक्टरने डोळे पाहिले, ठीक आहेत म्हणून सांगितले, तरी आत्या राहिली. देवमनने तिच्या हाती लोटा दिला आणि गोणपाटावर पाणी मारायचे काम सोपवले. तिसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा आत्या कोपऱ्यातल्या वाफ्यावर आपली कापसाची गादी अंथरून, पाय वर घेऊन बसली होती.

"आत्या! तो वाफा हाय!"

"असन."

"त्याच्यात बियाणं टाकलं हाय."

"मंग मी काय खाऊन राह्यली का तुयं बियाणं? बाहेर पाय, कशी आग बरसून राह्यली. साऱ्या अमरावतीत एवढीच एक जागा थंडी हाय, अन् ती तू गवताले दिली. बुढ्या आत्याले नाई देल्ली."

आत्याला बापाच्या जागी मानायचे, तिला उठ म्हणायचे नाही, अशी वानखड्यांच्या घरची रीत होती. देवमनने रात्रभर विचार केला आणि सकाळी तह केला. कोपऱ्यातला वाफा आत्याचा, दाराजवळचा सरकारचा. सरकारच्या वाफ्याला कोणी हात लावायचा नाही. आत्याने तह लगेच मान्य केला, कारण दाराजवळ झळ लागे.

थंड जागेची बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे किसनराव आधी फक्त पाहायला आले. सारी उमर कापसाच्या जिनात मशीनवर गेल्यामुळे यंत्राबद्दल आपल्याला कळते, असे त्यांचे मत होते. दुसऱ्या दिवशी ते पत्त्यांचा जोड घेऊन आले. गल्लीतल्या दोघीतिघींनी आपापले पाण्याचे माठ आत आणून ठेवले. देवमनने त्यांना विरोध केला नाही, कारण माठ पाझरतात आणि पाझरणे म्हणजे ओलावाच. पण किसनरावांना बिडी लागे. आत ओढायची नाही असे ठरल्यावर ते पडदा वर करून दारात बसू लागले, पाय सावलीत आणि तोंड उन्हात.

"किसनराव, पडदा टाका ना! ओलावा चालला."

"तूच तं म्हनतं हवा पाहिजे."

"एवढी नाई!"

"मंग केवढी ते सांग. माप हाय का तुयाजवळ?"

माप नव्हते हे खरे होते. ते मोजायचे यंत्र साहेबांकडे पुण्याला होते. देवमनने डोके चालवले आणि छताला दोऱ्याने एक उडदाचा पापड टांगला. पापड लुळा पडला तर ओलावा पुरेसा, कडक झाला तर पाणी मारायचे. युक्ती चांगली होती आणि दोन दिवस चाललीही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नुसता दोरा लोंबत होता.

"आत्या, पापड कुठी हाय?"

"किसनरावनं चहासंगं खाल्ला. मीच भाजून देल्ला. काहून, कोनाचा होता?"

त्या दिवसापासून देवमनने प्रयोग पूर्णपणे स्वतःच्या हाती घेतला. पहाटे उठून तो सरकारी वाफ्यावरचे गोणपाट काढून बघे. कचेरीत जाण्याआधी पुन्हा बघे. दुपारी सायकल मारत येऊन बघे. तणस वाळल्यासारखे वाटले की पाणी मारी, फार भिजल्यासारखे वाटले की वारा घाली. रात्री कंदील घेऊन बघताना त्याला वाफ्याची कीव येई आणि स्वतःचीही. आत्या आपल्या गादीवर घोरत असे.

साहेब येणार त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत सरकारी वाफ्यावर काहीही उगवले नव्हते. शालू किसनरावांना हळूच विचारत होती, "परतवाड्याहून धारणीची मोटर कवा सुटते?" देवमनने ते ऐकले. तिची नोकरी आपण तणसात घातली, असे त्याला वाटले आणि तो जेवला नाही.

सकाळी देवमन साहेबांना आणायला स्टेशनवर गेला. शालूने आत्याला वांगी चिरून दिली, भाजी टाकायला सांगितली आणि ती खुर्च्या व कपबश्या मागायला गल्लीत गेली. आत्याला त्याच दिवशी तिवस्याला परतायचे होते, म्हणून ती आधी परसात गादी उचलायला गेली. शालू आली तेव्हा गादी दोरीवर उन्हात होती आणि चुलीवर लाल तर्रीचा रस्सा खदखदत होता.

"जयभीम साहेब," आत्या दारातच म्हणाली.

"नमस्कार, नमस्कार. काय हो हे ऊन तुमच्याकडचं!" साहेब घाम पुसत म्हणाले आणि थेट परसात गेले.

सरकारी वाफ्यावरचे गोणपाट देवमनने स्वतः उचलले. खाली तणस होते, दुसरे काही नव्हते. साहेबांनी वाकून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"आणि तो कोपऱ्यातला? झाकलेला?"

"तो बिघडला साहेब. त्याच्यावर आमची आत्या बसते."

"बसते?"

"झोपते पण."

साहेबांनी चष्मा खिशात ठेवला. मग म्हणाले, "वानखडे, तुम्ही मेहनत घेतलीत. पण वऱ्हाडची हवाच कोरडी, त्याला तुम्ही तरी काय करणार? धारणीचा हुकूम पुढच्या आठवड्यात निघेल."

शालू दारातच उभी होती. तिने डोळ्यांना पदर लावला आणि पाने वाढायला आत गेली. जेवायला बसल्यावर कोणाचाच घास उतरत नव्हता, साहेबांचा मात्र उतरत होता. त्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला, नाक पुसले, पाणी प्यायले आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.

"कशाची भाजी म्हणायची ही?"

"वांग्याची," शालू खाली मान घालून म्हणाली.

"नाही हो. वांगं मी ओळखतो."

"वांग्याची कायले?" आत्या चुलीपुढून म्हणाली. "साहेब घरी येते अन् त्याले वांगे घालता? वांगे मी किसनरावच्या घरी धाडले. हे टेकोडे हाय."

"टेकोडे म्हणजे?"

देवमनच्या हातातला घास ताटात पडला. "अळंबी," तो म्हणाला. "आत्या, टेकोडे कुठी भेटले तुले?"

"मायाच वाफ्यावर. सकाळी गादी उचलली तं खाली हे पांढरेफेक. पाऊस नाई, पानी नाई, अन् टेकोडे! म्या म्हटलं, पाव्हनाही आजच येऊन राह्यला."

"सगळे तोडले?" देवमनचा आवाज चिरकला.

"लहान लहान ठेवले झाकून. उद्याच्या भाजीले."

साहेब खरकट्या हातानेच उठले. परसात त्यांनी कोपऱ्यातले गोणपाट बाजूला केले. वाफ्याच्या कडेने बोराएवढी पांढरी अळंबी दाटून उगवली होती. दोरीवरच्या गादीला खालून पांढरी जाळी धरली होती आणि शिवणीतून निघालेल्या कापसातही दोन अळंब्या होत्या. साहेब गादीपुढे हात जोडल्यासारखे उभे राहिले.

"कापूस! वानखडे, तणस भंडाऱ्याहून कशाला आणायचं? कापसावरही अळंबी धरलीय, आणि तो तुमच्याकडे रस्त्यावर पडलेला असतो. बाई, तुम्ही ओलावा आणि हवा कशी सांभाळलीत?"

"म्या कायले सांभाळू?" आत्या म्हणाली. "झळ लागली की पडदा टाको. गुदमरलं की वर करो. झोप लागली की झोपो."

साहेबांनी तिथेच निकाल दिला. बदली रद्द. प्रयोग पावसाळ्यापर्यंत पुन्हा करायचा, आणि त्यात काडीचा बदल करायचा नाही. तोच कोपरा, तशीच गादी आणि त्याच बाई.

"मी तं चारच्या मोटारीनं तिवस्याले चालली," आत्या म्हणाली.

गेले कित्येक दिवस आत्याने जावे म्हणून झुरणाऱ्या देवमनने तिची पिशवी धरून ठेवली. "आत्या, थांब ना वं. हात जोडतो."

आत्याने अटी सांगितल्या. नवी गादी पाहिजे. किसनरावांना दारात बिडी ओढू द्यायची. पापड रोज टांगायचा आणि चहाच्या वेळेला उतरवायचा. देवमनने सगळे कबूल केले. साहेबांनी साक्ष दिली आणि उरलेला रस्सा डब्यात भरून नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालू गुणगुणत शाळेला गेली. देवमन सवयीप्रमाणे परसात गेला, पडदा वर केला आणि वाफ्याकडे वाकला.

"पडदा टाक," आत्या नव्या गादीवरून म्हणाली. "थंडी हवा चालली."

"आत्या, मले वाफा पायाचा हाय."

"तुया पायण्यानंच तुयं गवत मेलं. आत बस, नाई तं बाहेर राय. मधात उभा राहू नको."

आत गादीवर आत्या होती आणि सरकारी वाफ्यावर किसनराव पत्ते पिसत होते. देवमनने पडदा खाली सोडला आणि तो उन्हात उभा राहिला.