सोमवारचा जेलीफिश

वाचनालयाच्या नव्या खोलीला बाबांचं नाव कसं लागणार, त्या वेळी कोण किती बोलणार आणि कोण अजिबात बोलणार नाही, हे सगळं थोरलीने स्वतः ठरवलं होतं. ती एकुलती एक होती. तरी घरात तिला थोरलीच म्हणत, कारण शाळेत असल्यापासून ती आईपेक्षा मोठी असल्यासारखी वागायची. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत तिने चारचौघांत एकदाही डोळ्यांना रुमाल लावला नव्हता, आणि आजही लावणार नव्हती.

माइकसमोर उभं राहून तिने खणखणीत आवाजात सांगितलं, "माझे वडील गावच्या सायंदैनिकात उपसंपादक होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एक ओळ छापली नाही!"

टाळ्या पडल्या. थोरली पहिल्या रांगेत आईशेजारी येऊन बसली. आता काळजीचं काही उरलं नव्हतं.

मग संशोधक उठले. ते समुद्रातल्या जीवांचे डॉक्टर. पण गावात आल्यापासून लोक त्यांना गुडघेदुखीवरच औषध विचारत होते. बिचाऱ्यांनी सायंदैनिकाच्या जुन्या फायली पालथ्या घातल्या होत्या आणि जिथे जिथे जेलीफिश हा शब्द दिसला, तिथला मजकूर टिपून घेतला होता. आपल्या जेलीफिशची इतकी काळजी घेणारा पेपर आपण दुसरा पाहिला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ती काळजी घेणारे बाबा. म्हणून खोलीला बाबांचं नाव!

पडद्यावर आलेख उमटला.

"गंमत पाहा," संशोधक म्हणाले, "इथला जेलीफिश जवळजवळ नेहमी सोमवारी येतो!"

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. आपल्या गावचा जेलीफिश इतका शिस्तीचा असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"हे काय गं," आई थोरलीच्या कानाशी लागली, "हा माणूस हे खरं समजून चाललाय की काय?"

"आई, हळू."

"अगं, पण ते जेलीफिश ह्यांनीच सोडलेले!"

"कुठे सोडलेले?"

"पेपरात!"

थोरलीने चोरून मागच्या रांगेकडे पाहिलं. आई कुजबुजत होती खरी, पण आईची कुजबुज शेजारच्या इमारतीत ऐकू जाईल अशा बेताची असते.

"रविवारी जाहिरातवाल्यांना सुटी. सोमवारचं पान काही भरायचं नाही. खाली दोन-तीन ओळींचं भोक राहायचं. छापखान्यातून कुणीतरी ओरडायचं, 'साहेब, जागा राहिली!' की हे इकडून ओरडायचे, 'सोडा एक जेलीफिश!' मजकूर जुळवून तयारच असायचा. आज सकाळी किनाऱ्यावर जेलीफिश दिसला, नागरिकांनी काळजी घ्यावी. झालं!"

"पण जेलीफिशच का?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, माणसाबद्दल काही छापलं की दुसऱ्या दिवशी खुलासा येतो. जेलीफिशचा कधी येत नाही."

थोरलीला ते वाक्य बाबांच्याच आवाजात ऐकू आलं. चार महिन्यांत लोक भेटायला येत, बाबांच्या आठवणी सांगत. त्या सगळ्या तिला पाठ होत्या. ही नवीन होती. आणि ती नेमकी आत्ता, अख्ख्या गावासमोर उगवायची होती!

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू मला कधी बोलू दिलंस?"

"आता चिंतेची बाब!" संशोधकांनी छडी उगारली. "सुरुवातीला नुसता 'जेलीफिश' आहे. मग 'मोठा जेलीफिश' होतो. आणि पुढे पुढे तर 'महाकाय जेलीफिशचा थवा'! समुद्र तापतोय, मंडळी!"

"समुद्र कसला तापतोय," आई पुटपुटली. "थिएटरं बंद पडली, त्यांच्या जाहिराती गेल्या. भोक मोठं झालं, जेलीफिश मोठा झाला."

थोरलीने आईचा हात करकचून दाबला. मागच्या रांगेतल्या बायकांना वाटलं, पोर अखेर हळवी झाली. एकीने मागून तिच्या पाठीवर थोपटलं.

थोरली मनाला समजावू लागली. भाषण संपेल, पाटीवरचं कापड निघेल, लोक चहा पिऊन घरी जातील. कुणाचं काय बिघडतंय? जेलीफिशला अब्रू नसते, बाबांना होती. झाकली मूठ सव्वा लाखाची!

तेवढ्यात नगराध्यक्ष उठले. कुठल्याही समारंभात गेलं की काहीतरी सुरू केल्याशिवाय किंवा बंद केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"या अभ्यासाची दखल घेऊन मी जाहीर करतो," ते म्हणाले, "येत्या आठवड्यापासून दर सोमवारी किनारा पोहण्यासाठी बंद!"

"अहो, बंद काय बंद!" पोहण्याच्या बाई ताडकन उभ्या राहिल्या. गावातल्या अर्ध्या पोरांना त्यांनीच पहिल्यांदा पाण्यात ढकललं होतं. "सोमवारी माझा वर्ग असतो. इतकी वर्षं मी सोमवारी पाण्यात उतरतेय. मला कधी जेलीफिशचं शेपूटही दिसलं नाही!"

"जेलीफिशला शेपूट नसतं," संशोधक नम्रपणे म्हणाले.

"असेल कसं? जेलीफिशच नसतो!"

"म्हणजे ते थोर गृहस्थ खोटं छापत होते?" नगराध्यक्ष गरजले.

"मग मी खोटं बोलतेय?"

"तसं नाही हो. पण वय होतं, नजर अधू होते, पाण्यात धूसर दिसतं..." नगराध्यक्षांनी पहिल्या रांगेकडे हात केला. "कन्या समोर बसल्यात. त्याच सांगतील! काय ताई, वडिलांनी पाहिल्याशिवाय छापलं होतं का?"

सगळ्या माना वळल्या. थोरलीलाही पोहायला बाईंनीच शिकवलं होतं. मघाचा राग आता त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. चष्मा काढून त्या पदराने पुसत होत्या, जणू त्यांना स्वतःच्याच डोळ्यांची शंका यायला लागली होती. ते मात्र थोरलीला बघवेना.

आई उठायला लागली. थोरलीने तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः उठली.

"पाहिल्याशिवायच छापलं होतं," ती म्हणाली.

"काय? ऐकू येत नाही!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बाबांनी यातला एकही जेलीफिश पाहिला नव्हता! सोमवारी जाहिराती कमी असायच्या. पानात जागा उरली की ते जेलीफिश सोडायचे!"

कुणी बाबांना हसलं तर काय करायचं, ते थोरलीने ठरवलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने काही ठरवलं नव्हतं.

"आणि थवे?" संशोधकांनी विहिरीतून यावा तशा आवाजात विचारलं.

"पाच ओळी."

संशोधक मटकन खुर्चीत बसले. नगराध्यक्षांच्या हातात पाटीवरच्या कापडाची दोरी होती. ती धरून ते अवघडून उभे होते. "मग हे... ओढायचं की नाही?"

"ओढा हो!" पोहण्याच्या बाई म्हणाल्या. "जागा भरायला त्यांना आपल्या भानगडी घालता आल्या असत्या. सायंदैनिकात बसलेल्या माणसाला काय कमी कळतं? आपल्या एकेकाच्या पाच ओळी सहज झाल्या असत्या!"

ते ऐकून नगराध्यक्षांनी इतक्या घाईने दोरी ओढली, की कापडासकट वरची काठीही खाली आली. पितळी पाटीवर बाबांचं नाव लखलखलं. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं सभागृह हसलं. थोरलीही हसत सुटली, आणि हसता हसता तिला रुमाल शोधावा लागला.

चहाच्या वेळी संशोधक पडलेल्या चेहऱ्याने आईजवळ आले. "काकू, एवढ्या वर्षांत एक तरी जेलीफिश खरा असेल हो?"

"होता की!" आई म्हणाली. "ही लहान होती तेव्हा. हे गुडघाभर पाण्यात उभे होते, तर असा डसला पायाला! पाय उशीएवढा सुजला. तसेच लंगडत ऑफिसात गेले, लंगडत परत आले आणि रात्रभर कण्हत पडले."

संशोधकांच्या चेहऱ्यात जीव आला. त्यांनी घाईघाईने पेन काढलं. "कुठल्या अंकात आहे? मला कसा सापडला नाही?"

"छापलाच नाही ना."

"का?" संशोधक आणि थोरली एकदम ओरडले.

"शुक्रवार होता," आई चहाचा घोट घेत म्हणाली. "पान भरलेलं होतं."