पक्की छपाई

हेडक्लार्कांच्या साडूने चहाला येताना स्वतःचा कप आणला नसता, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. (चहा दुसऱ्याचा, भांडं तेवढं आपलं!) कपावर साडूचा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरं: ‘आमचे लाडके साहेब – समस्त कर्मचारी.’

“बघा, भाऊजींना ऑफिसात केवढा मान आहे,” बायको हेडक्लार्कांना म्हणाली. “तुम्हाला वीस वर्षांत कुणी साधं पेन तरी दिलंय का?”

“दिलं होतं,” हेडक्लार्क पुटपुटले. “सहीपुरतं. नंतर परत घेतलं.”

त्यांचा अगदी जळफळाट झाला. माणसाला एक वेळ शत्रूचं भलं बघवतं, साडूचं नाही बघवत. दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर त्यांनी बाजार गाठला. चपला शिवणारा आणि किल्ल्या करणारा यांच्या मधोमध एका बाईंचा चिमुकला स्टॉल होता. कप, उशा, टी-शर्ट, म्हणाल त्यावर म्हणाल ते छापून मिळे.

“कुणासाठी हवाय?” बाईंनी विचारलं.

“आमच्या साहेबांसाठी. सगळे मिळून देतोय.”

“फोटो?”

हेडक्लार्कांनी मोबाइलमधला स्वतःचा फोटो पुढे केला. बाईंनी फोटोकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. “अगदी तुमच्यासारखेच दिसतात हो साहेब!”

“सगळे तेच म्हणतात,” हेडक्लार्क म्हणाले आणि उगाच किल्लीवाल्याकडे बघत राहिले.

“छपाई साधी की पक्की? साधी धुऊन धुऊन जाते. पक्की तारेने घासा, हलणार नाही. पण जरा महाग पडते.”

“साधीच करा. धुणार कोण आहे? शोकेसमध्ये तर ठेवायचाय.”

घरी कपावरचं ‘आमचे लाडके साहेब – समस्त कर्मचारी’ वाचून बायकोचे डोळे भरून आले. तिने लगेच बहिणीला फोन लावला. “ताई, रविवारी दोघंही चहाला या. यांना ऑफिसने कप दिलाय. नाही गं, भाऊजींच्यापेक्षा मोठा आहे!” फोन ठेवून ती म्हणाली, “एवढी माया करतात माणसं! आपणही त्यांना काहीतरी द्यायला हवं. बुडाला स्टॉलचा पत्ता आहे, मी हा कपच नेऊन दाखवते.”

“नको!” हेडक्लार्क ओरडले. “ते... ते फार संकोची आहेत.”

“अहो, म्हणून तर द्यायचं.”

ती गेली आणि परत आली. चेहरा अगदी शांत.

“काय म्हणाल्या बाई?” हेडक्लार्कांनी घाबरत विचारलं.

“काही नाही. फार बोलक्या आहेत.”

त्या दिवसापासून बायको इतकी गोड वागू लागली, की धास्तीने हेडक्लार्कांचं वजन उतरलं.

रविवारी साडू आणि ताई आले. साडूने कप हातात घेऊन चहूबाजूंनी फिरवला. “समस्त कर्मचारी म्हणजे किती हो तुमच्याकडे?”

“दोन,” हेडक्लार्क म्हणाले. “पण समस्त.”

तेवढ्यात बायको म्हणाली, “अगं ताई, यांनी मलाही भेट आणलीय! मला पत्ता लागू न देता!” आणि तिने एक कोरा करकरीत कप टेबलावर ठेवला. त्यावर तोच हेडक्लार्कांचा हसरा फोटो, आणि खाली: ‘प्रिय पत्नीस – आजपासून घरातली भांडी मीच घासणार. तुझाच.’

“अगंबाई, किती प्रेमळ!” ताईंनी टाळ्याच वाजवल्या.

हेडक्लार्कांनी तोंड उघडलं. हा मी दिलेला नाही, असं म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: त्या दुसऱ्या कपावर ज्यांचं नाव आहे, त्यांनी तरी तो दिलाय का? साडूच्या देखत अब्रूचं पार खोबरं झालं असतं. बायको साडूच्या हातातल्या कपाकडे बघत होती. त्यांनी तोंड मिटलं.

“हो,” ते म्हणाले. “मीच दिला. मनापासून.”

साडू खो खो हसत सुटला. “घ्या! आमचे साडू पार ताटाखालचं मांजर झाले!”

“हसताय काय, भाऊजी?” बायको म्हणाली. “त्या बाई तुम्हालाही चांगलं ओळखतात. तुमचा मजकूर तर तुम्ही चार वेळा बदलून घेतलात म्हणे. ताईसाठीही असाच एक कप छापायला टाकून आलेय मी.”

साडूला असा ठसका लागला, की ताईंना उठून पाणी आणावं लागलं.

आता रोज जेवणं झाली की हेडक्लार्क सिंकशी उभे असतात. त्यांच्या कपाला शोकेस काही लाभली नाही. “एवढ्या प्रेमाने दिलाय, रोज त्यातच प्यायचं,” असं बायकोने ठरवून टाकलं. महिन्याभरात ‘समस्त कर्मचारी’ धुऊन गेले, पाठोपाठ ‘लाडके’ गेलं, परवा फोटोतलं हसूही गेलं. बायकोचा कप मात्र ते तारेची घासणी घेऊन जीव खाऊन घासतात, पण ‘मीच घासणार’मधला साधा कानाही हलत नाही. तिने पक्की छपाई घेतली होती.

“महाग पडेल हं,” बाईंनी तिलाही बजावलं होतं म्हणे. ती म्हणाली, “पडू दे. धुणारा घरातच आहे.”