अर्थ सांगून वाक्यात उपयोग

माझ्या पाच वर्षांच्या मुलीने एक इंग्रजी वाक्प्रचार अगदी बरोबर वापरला, या काळजीने काल रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

झालं असं, की "हा शेवटचा घास" म्हणून मी तिला भरवला. मग "हा अगदी शेवटचा". मग "हा बाबांच्या नावाचा". त्यावर ती शांतपणे म्हणाली, "आई, गोलपोस्ट सरकवू नकोस."

फुटबॉल तिने जन्मात पाहिलेला नाही. चुकीचा वापरला असता, तर मी चारचौघींत कौतुकाने सांगितलं असतं. पण एक अट पुरी झाली की दुसरी पुढे करणारी बाई तिने अचूक ओळखली. म्हणजे कुणीतरी उदाहरण देऊन शिकवलंय, आणि या घरात उदाहरणाला माझ्याइतकं सोयीचं माणूस दुसरं नाही.

पहिला संशय नवऱ्यावर.

"तू शिकवलंस?"

"नाही."

"शपथ घे."

घेतली.

"मग हसलास का?"

"ठसका लागला."

"बरं, शिकवलं नाहीस, निदान टोकायचं तरी."

त्याने समोरची खुर्ची दोन्ही हातांनी वीतभर मागे सरकवली आणि ऑफिसला निघून गेला. (याचा अर्थ मला दुपारी कळला.)

उरल्या सासूबाई. इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. पेपर वाचत होत्या, पण पान मघापासून तेच. (निर्दोष माणूस पान उलटतो.) त्यांना थेट विचारायची माझी छाती नव्हती, म्हणून त्यांच्यादेखत मुलीलाच गाठलं.

"एकच प्रश्न. हे तुला कुणी शिकवलं? नाव सांग, पुढे एक अक्षर विचारणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

"तूच. मावशीला फोनवर सांगत होतीस ना."

सासूबाईंनी पेपर खाली ठेवला. "अस्सं? कोण सरकवतं म्हणाली गं तुझी आई?"

"चल, वेणी घालायचीये," मी घाईघाईने म्हणाले.

मुलगी जागची हलली नाही.

"आजी, एकच प्रश्न ठरलाय," ती म्हणाली. "आणि आई मावशीला म्हणालीये, हे आजीला अजिबात कळता कामा नये."