ओठ दाखव, मग बाळ बघ

काळाचौकीच्या आमच्या चाळीत कुणाकडे बाळ झालं की दाराबाहेर, चपलांच्या शेजारी, एक स्टूल येतं. त्यावर इंदूमावशी बसते, हातात टॉर्च घेऊन. 'या, बसा' वगैरे काही नाही. "ओठ दाखव, मग बाळ बघ." उजेड ओठांवर मारणार, दोन्ही कोपरे निरखणार आणि मग म्हणणार, "जा आत. पण पापा घ्यायचो नाय."

ती डॉक्टर नाही. एका इस्पितळात आया होती. आता चाळीतल्या बाळांना तेल लावते, न्हाऊ घालते. मूळची मालवणकडची. बोलता बोलता मालवणीत घसरते, आणि रागावली की पुरतीच.

मी लग्न होऊन हिंगोलीकडून इथं आले. सातवीतच शाळा सुटलेली, त्यामुळे सगळ्यालाच घाबरायचे. पहिल्याच आठवड्यात माझ्या ओठावर पाण्याचे बारीक फोड आले. आमच्याकडे म्हणतात, ताप मुतला. मी त्यावर टूथपेस्ट थापली आणि पाण्याला गेले. मावशीनं सगळ्यांसमोर विचारलं, "तुझे दात थंय इले काय गो?"

मग बाजूला घेऊन समजावलं. "हर्पीस म्हणतात त्याला. लहानपणी कुणाच्या तरी पाप्यातून अंगात शिरता आणि जन्मभर नसेत झोपून रवता. ऊन लागला, ताप इलो, काळजी केली की उठता. अर्ध्या चाळीक असात. लाज कसली त्यात?"

तेव्हापासून मी काळजी करायचीही काळजी करते.

तिच्या नजरेतून काही सुटत नाही. दुसऱ्या माळ्यावरच्या सावंतकाकांनी बोटाला नखुरडं झालं म्हणून लिंबू खोचलं होतं. मावशी म्हणाली, "नखुरडा नाय ता. ओठावरचो फोड नखान खाजवलात, तो बोटात उतरलो. लिंबाचा सरबत करा." डॉक्टरही तेच म्हणाले, म्हणून काका चार दिवस मावशीशी बोलले नाहीत. पुढं त्यांचा डोळा लाल झाला, उजेड सोसेना, तेव्हा मात्र मुकाट्यानं तिच्याच दारात उभे. "दुकानातले थेंब घालू नका, चुकीचे पडले तर नजर जायत," असं म्हणत तिनं हाताला धरून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

नळावर तर ती मोठ्यानं सांगायची, "खालच्या अंगाक पण येता ह्या. घरात कण्हत बसू नका, डॉक्टरांक दाखवा." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. दुपारी मात्र एकेक करून तिच्या खोलीत जायच्या.

वर्षातून दोन-तीनदा तिचं दार बंद. बाहेर पुठ्ठा लटकलेला: 'आज तेल नाही.' तेव्हा तिच्याच ओठावर उठलेलं असायचं. खपली पडून कातडी नीट होईपर्यंत ती एकाही बाळाला हात लावत नसे.

मग मला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आई अंथरुणाला खिळलेली. मावशी आपणहून आली. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं तिनंच केलं. मी रडले की म्हणायची, "रड, पण बाळाक दूध पाजता पाजता रड. वेळ फुकट नको."

बाराव्या दिवशी बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून नणंद नाशिकहून आली. नवी साडी, गडद लिपस्टिक. मावशीनं टॉर्च मारला आणि रुमाल पुढं केला.

"पूस."

"काय पुसू?"

"लिपस्टिक पूस गो."

पुसली. खालच्या ओठाच्या कडेला फोडांचा झुबका.

"आत जाऊचा नाय."

नणंद भडकली. "मी आत्या आहे! नाव कोण ठेवणार मग? ही बाई बाळाची लागते कोण?"

सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा फोडाचं काय घेऊन बसलात? आमची पोरं नाही वाढली?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाळण्यात ती एवढीशी, मूठ चोखत पडलेली. मी म्हणाले, "मावशी सांगेल तसंच."

सासूबाईंसमोर मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. मावशीनं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, त्याची गुंडाळी केली. एक टोक बाळाच्या कानाशी स्वतः धरलं, दुसरं नणंदेच्या हातात दिलं. तोंडाला रुमाल बांधून नणंदेनं हातभर लांबून "कुर्रर्र" केलं. बाळानं डोळे मोठ्ठे केले, आणि आधी नणंदच फिसकन हसली. मग आत्याच्या पाठीत धपाटे बसले. सगळ्यात जोरात मावशीचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी दुपट्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं, "मावशी, तू एवढी का गं भितेस?"

ती घड्याच घालत राहिली. "बहिणीक झील झालो होतो. आठ दिवसांचो. दूध पिईना, निपचित पडलो. डोक्याच्या टाळूवर दोन फोड. डॉक्टरांनी विचारल्यानी, ओठावर फोड असताना पापा कोणी घेतलो? मी गप रवलंय."

"तुझ्यामुळेच कशावरून?"

"कोणामुळे ता देवाक ठावक. चार जणांनी घेतलो आसतलो. पण झील गेलो, आणि मी गप रवलंय. बहिणीक अजून सांगूक जमला नाय."

मी बोलायच्या आत ती धुतलेले कपडे घेऊन गॅलरीत गेली. दारातून मला दिसलं. तिनं बाळाचं ओलं टोपडं झटकलं, दोरीवर टाकता टाकता थांबली आणि ते ओठांशी धरलं. किती तरी वेळ. ओठांवर एक पुटकुळीसुद्धा नव्हती तिच्या. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, टोपडं घेऊन मोरीत गेली आणि साबण लावून पुन्हा खळखळून धुतलं.

मी पाहिलं, हे तिला सांगितलं नाही. पण तेव्हापासून रोज धुण्यात मी तिच्यासाठी एक जास्तीचं, कोरं टोपडं टाकते. ते बाळाला कधीच घालत नाही.