मावशीच्या अंगावरच्या टाचण्या

त्या दिवशी शाळा लवकर सुटली, आई घरी नव्हती, आणि मी तिची शिवणाची खोली आवरायचं ठरवलं. एवढंच. पुढचं सगळं या एका निर्णयातून झालं, हे मी आधीच कबूल करते, कारण घरात ते मला रोज एकदा ऐकवलं जातंच.

आई कपडे दुरुस्त करून देते. कोट सैल करणं, झगे आखूड करणं, चेन बदलणं. खोलीत दोन मशिनं, एक लांब टेबल आणि मावशी. मावशी म्हणजे मापाची डमी. लाकडी पायावर उभं, कापडानं मढवलेलं, बिनडोक्याचं, बिनहातांचं धड. ती माझ्या जन्माआधीपासून घरात आहे, म्हणून मावशी. (मी वर्गात कुणाशी फारसं बोलत नाही. मावशीशी बोलते. ती मध्येच तोडत नाही.)

आईला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही आणि गोष्टी निसटतात. हे तिला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर सगळे नुसतं धांदरट म्हणायचे. पण तिनं स्वतःपुरती एक पद्धत बसवली होती. जे डोळ्यांसमोर नाही ते जगात नाही, म्हणून कपाटात काही ठेवायचंच नाही. सगळं टेबलावर, खुर्चीवर, दाराच्या कडीला. या पद्धतीवर तिनं वीस वर्षांत एकही कोट चुकवला नव्हता.

मग गेल्या वर्षी तिची पाळी मागेपुढे व्हायला लागली आणि पद्धत कोलमडली.

"अगं, ते दे ना," ती म्हणायची, "ते... गोल. चार भोकांचं."

"बटण?"

"तेच."

कपडे शिवणाऱ्या बाईला बटण आठवेना. शिवाय ऐन थंडीत तिला अचानक उकडायचं आणि ती खिडक्या सताड उघडायची. बाबा घरात मफलर गुंडाळून बसायचे. "बंद करू का?" ते विचारायचे. "करून बघा," आई म्हणायची. बाबांनी कधी करून बघितलं नाही.

शेवटी ती डॉक्टरांकडे गेली. "हे किती वेळा होतं?" डॉक्टरांनी विचारलं. "खूप वेळा," आई म्हणाली. "खूप म्हणजे?" आईला सांगता येईना. दोन महिने नोंद ठेवून या, म्हणजे औषध ठरवता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढची वेळही दोन महिन्यांनंतरचीच मिळाली. ती हुकली किंवा नोंद नसली, तर आणखी दोन महिने थांबायचं. आई घरी येऊन म्हणाली, "आणखी दोन महिने मी अशी काढू शकणार नाही." हे ती हसत म्हणाली, पण मला ते हसू आवडलं नाही.

नोंदीची पहिली वही तिसऱ्या दिवशी हरवली. दुसरी मी आणून दिली, भडक लाल, दिसावी म्हणून. ती फ्रीजरमध्ये मटारखाली सापडली. त्यानंतर आई नोंदीचं काही बोलली नाही. मला वाटलं, सोडून दिलं.

तर डॉक्टरांकडे जायच्या त्याच दिवशी मी खोली आवरली. आई एक कोट पोचवायला गेली होती. मी खुर्च्या रिकाम्या केल्या, चिंध्या पिशवीत भरल्या, रिळं खणात ठेवली. मग मावशीकडे वळले. बिचारीच्या अंगभर टाचण्या होत्या, रंगीत डोक्यांच्या, कशाही टोचलेल्या. मी एकूण एक काढल्या आणि रंगाप्रमाणे डब्यांत भरल्या. त्या डब्यांत आधीच्या टाचण्याही होत्याच. वर चिठ्ठ्या लावल्या. अक्षर चांगलं आलं होतं.

सव्वातीनला आई आली आणि दारातच थांबली.

"मावशीला काय झालं?"

"काही नाही. टाचण्या काढल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. रंगवार लावल्यात." (मी अजून शाबासकीची वाट बघत होते.)

आई खुर्चीवर बसली. "लाल म्हणजे उकडलं," ती म्हणाली. "पांढरी म्हणजे शब्द अडला. निळी म्हणजे झोप लागली नाही. पिवळी म्हणजे तुझ्या बाबांवर ओरडले. मानेपासून खाली आठ पट्टे, आठ आठवड्यांचे."

बाबा दुपारीच कामावरून आले होते. त्यांनी दारातून डोकं आत घातलं. "पिवळ्या किती होत्या?"

"आता कोण सांगणार," आई म्हणाली.

"मला आधी सांगायचं होतंस ना," मी म्हणाले.

"सांगायलाच निघाले होते. मध्येच फोन वाजला."

"कधी?"

"पहिल्या आठवड्यात."

मी रडायच्या बेतात होते आणि आई ओरडायच्या. पण तिनं उठून चष्मा लावला आणि मावशीच्या पाठीवर तळहात फिरवला, एखाद्या कापडाचा पोत बघावा तसा. एकदा, दोनदा.

"भोकं आहेत," ती म्हणाली. "लाल टाचण्या कोटाच्या, जाड. पांढऱ्या रेशमाच्या, बारीक. निळ्या मी पहाटे अर्धवट डोळ्यांनी लावल्या, त्या तिरक्या घुसल्यात."

"आणि पिवळ्या?" बाबा म्हणाले.

"त्या इतक्या जोरात खुपसल्यात की डोक्याचा ठसा उमटलाय. हा बघा. हाही. हा सगळाच पट्टा."

बाबांनी डोकं बाहेर काढून घेतलं.

मोजत बसायला वेळ नव्हता. "मावशीला उचल," आई म्हणाली.

बसमध्ये मी मावशीला कवेत धरून उभी होते. आमच्या वर्गातल्या दोघी मागच्या सीटवर होत्या, हे सांगायलाच नको. (त्या नसत्या तरच नवल.) कंडक्टरनं मावशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "यांना बसायला जागा द्या कुणीतरी." सगळी बस हसली. आई हसली नाही. तिला उकडत होतं आणि ती खिडकीशी झटत होती.

डॉक्टरांच्या खोलीत आईनं मावशीला टेबलाशेजारी उभं केलं आणि बोटानं एकेक पट्टा वाचून दाखवला. पाचव्या आठवड्यात लाल एकवीस. सहाव्यात झोप फक्त दोन रात्री. मध्येच ती थांबली. "हे कशानं टोचतो आपण, ती..." मी तोंड उघडलं, तर डॉक्टरांनी हातानं मला गप्प केलं आणि त्या थांबल्या. आईला शब्द सापडायला बराच वेळ लागला. "टाचणी," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. डॉक्टरांनी लिहायला घेतलं. पाळी जायच्या काळात एडीएचडी अनेकजणींना जास्त जड जातं, दोन्हीचं मिळून बघू, असं त्या म्हणाल्या आणि औषध आजच सुरू करा म्हणाल्या. निघताना म्हणाल्या, "इतकी चोख नोंद मला वहीतसुद्धा कुणी दिलेली नाही."

परतीच्या बसमध्ये आईनं औषधाचा कागद स्वतःच्या मुठीत घट्ट धरला होता. "मावशी तुझ्याकडे," ती म्हणाली. "एवढंच काम कर." मी मावशीला खिडकीजवळ बसवलं. मग मला एक नामी योजना सुचली, आईच्या वस्तू कधीच हरवू नयेत यासाठी. ती मी तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहायला लागले. सात मुद्दे झाले तेव्हा आमचा स्टॉप आला.

दार बाबांनी उघडलं. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे.

"मावशी कुठाय?"

आईनं दोन महिन्यांत दोन वह्या हरवल्या होत्या. मी वीस मिनिटांत अख्खी बाई हरवली.

डेपोत फोन मलाच करायला लावला. (अनोळखी माणसाशी फोनवर बोलण्यापेक्षा मी गणिताचा पेपर दोनदा देईन.)

"काय विसरलात?" पलीकडचा माणूस म्हणाला.

"मावशी."

"डोकं नसलेली?"

"हो."

"आहे इथं. शेवटच्या स्टॉपला ड्रायव्हरनं दोनदा उतरा म्हणून सांगितलं म्हणे, उतरायलाच तयार नाहीत. उद्या सकाळी घेऊन जा."

मी फोन ठेवला. आई माझ्या चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांत काहीतरी शोधत होती. तिनं एक हिरवी टाचणी काढली. हिरवा रंग अजून कशालाच दिलेला नव्हता. टोचायला मावशी नव्हती, म्हणून तिनं ती माझ्या गणवेशाच्या बाहीला लावली.

"ही कसली?" मी विचारलं.

"तुझी नोंद," आई म्हणाली. "आजपासून."