पॉइंट्सवरचं जेवण

"बाबा, आधी ऐकून तर घ्या. पॉइंट्स मार्चमध्ये एक्स्पायर होतायत. मग ते कुणालाच मिळणार नाहीत."

"मग त्यांचा कुकर घे," त्र्यंबकराव फोनवर म्हणाले. "वस्तू घरात राहते. सीट दिल्ली आली की सोडून द्यावी लागते."

वल्लरीने ठाण्याच्या वर्तकनगरात सोडलेला सुस्कारा डोंबिवलीत स्पष्ट ऐकू आला. भावाकडे, सौमित्रकडे, दिल्लीला जायची दोघांची तिकिटं काढून झाली होती. आता क्रेडिट कार्डावर साठलेले रिवॉर्ड पॉइंट्स विमान कंपनीला देऊन वडिलांना पुढे, बिझनेस क्लासमध्ये बसवायचं तिने मनात घेतलं होतं. पॉइंट्स एकाच सीटपुरते होते.

"माझा कसला बिझनेस? मी पेन्शनर माणूस."

"तिथे पाय लांब करता येतात, बाबा. आणि जेवण मस्त असतं, काचेच्या बशीत वगैरे. तुम्ही हल्ली नीट जेवता तरी का? जेव्हा विचारावं तेव्हा मेतकूट-भात."

"बँक कुणाला फुकट जेवायला घालत नाही. एवढे पॉइंट्स आले कुठून तुझ्याकडे?"

"आईच्या हॉस्पिटलचं बिल मी कार्डावर भरलेलं ना."

त्र्यंबकरावांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"म्हणजे आईच जेवायला घालतेय असं समजा," वल्लरी म्हणाली. "आता नाही म्हणू नका हं."

"खिडकी मिळेल का?" त्यांनी विचारलं.

फोन ठेवून ते कॅलेंडरवर प्रवासाची खूण करायला गेले आणि पेन हातात धरून तसेच उभे राहिले. त्या तारखेला संकष्टी होती.

सुहासिनीबाईंनी लग्न झाल्यापासून एकही संकष्टी चुकवली नव्हती. अंगारकीला तर त्या भल्या पहाटे टिटवाळ्याच्या रांगेत असत. त्या नैवेद्याचं ताट झाकून बाल्कनीतून आभाळाकडे बघत, तेव्हा आत बाप-लेक गरम बटाटेवडे खात बसलेले असत. "चंद्राने आज हाफ डे टाकलाय गं," त्र्यंबकराव आतून ओरडत. "ढगांची परवानगी घेतलीस का, आई?" ही वल्लरी.

गेल्या पावसाळ्यात सुहासिनीबाई गेल्या. पुढच्या संकष्टीला त्र्यंबकरावांनी सकाळी टोस्ट चहात बुडवला आणि तो तोंडापर्यंत जाईना. चहात विरघळला तेव्हा त्यांनी कप सिंकमध्ये ओतला. तेव्हापासून ते दर महिन्याला उपास धरत होते. देवावर एकदम विश्वास बसला होता असं नाही. पण त्या दिवशी खाल्लं की कुणीतरी बाल्कनीत वाट बघत उभं आहे असं वाटायचं. हे वल्लरीला सांगायची मात्र सोय नव्हती. इतकी वर्षं जिच्या जोडीने टिंगल केली, तिने हसून हसून ठाणं डोक्यावर घेतलं असतं.

त्यांनी तिला परत फोन लावला. "तारीख एक दिवस पुढे नाही का जाणार?"

"नाही हो. पॉइंट्सवाली सीट त्याच दिवशी होती. आता बदलली तर पॉइंट्स गेले."

सुहासिनीच्या पॉइंट्सचं जेवण आणि सुहासिनीचाच उपास! कुठलंही एक मोडलं तरी तिचंच मोडणार होतं.

विमानात वल्लरीने त्यांना डावीकडच्या खिडकीशी बसवलं, पट्टा बांधून दिला, "पोटभर जेवा, लाजू नका," असं बजावलं आणि ती पडद्यामागे आपल्या सीटवर गेली. लगेच एका हसऱ्या मुलीने मोसंबीचा रस आणला. रस उपासाला चालला असता, पण वर काळं मीठ आणि कसला तरी मसाला भुरभुरवलेला होता. त्यांनी पाणी मागितलं. मग चिमट्यात धरून गरम टॉवेल आला. यात काही पोटात जाण्यासारखं नसल्यामुळे तो त्यांनी मनापासून घेतला. विमान वर गेल्यावर काजू आले. त्र्यंबकरावांनी एक उचलून दिव्याखाली धरला, त्यांना हळदीचा संशय आला आणि काजू परत वाटीत गेला.

शेवटी पांढऱ्याशुभ्र रुमालावर साक्षात जेवण आलं. पनीर, डाळ, गरम रोटी. त्र्यंबकरावांच्या पोटात विमानापेक्षा मोठा आवाज झाला.

"मला नको. खरंच नको."

"असं कसं काका?" मुलगी चक्क मराठीत बोलली. तिच्या बिल्ल्यावर 'प्रीती' असं लिहिलं होतं. "मी कल्याणचीच आहे. तुमच्या मुलीने मला आधीच सांगून ठेवलंय, ते नको म्हणतील, अजिबात ऐकायचं नाही. एक रोटी तरी घ्या. माझ्यासाठी."

या आग्रहापुढे टिकायला त्र्यंबकरावांनी सुचेल ते कारण पुढे केलं. "पोट जरा बिघडलंय."

प्रीतीचं हसू मावळलं. "पोटात दुखतंय की छातीत?"

"छातीत कशाला दुखेल?"

"डाव्या हाताला मुंग्या येतायत?"

"अहो, मुंग्या नाहीत," असं म्हणत त्यांनी ओशाळून शर्टचं वरचं बटण सोडलं. प्रीतीने तेवढंच पाहिलं. मिनिटभरात विमानात डॉक्टर आहेत का अशी घोषणा झाली. पलीकडच्या रांगेतले एक गृहस्थ ताबडतोब उठले. ते दातांचे डॉक्टर होते, पण माघार घेणारे नव्हते. त्यांनी त्र्यंबकरावांना आ करायला लावलं आणि एक दाढ काढावी लागेल असं सांगितलं. तोवर ऑक्सिजनचा सिलिंडर आला.

त्यामागोमाग पडदा सारून वल्लरी आली. तिच्या चेहऱ्यावर रंग उरला नव्हता. तो चेहरा त्र्यंबकरावांनी एकदाच पाहिला होता, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये.

"अगं, मला काही झालेलं नाही," ते घाईघाईने म्हणाले. "संकष्टी आहे!"

"म्हणजे पोट रिकामं आहे, एवढंच," दातांचे डॉक्टर जरा हिरमुसून म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. सिलिंडर आला तसा परत गेला.

"हस आता," त्र्यंबकराव म्हणाले. "पण हळू हस."

वल्लरी हसली नाही. ती त्यांच्या उशीचा अभ्रा सारखा करत राहिली. "चंद्र आलाय," ती म्हणाली. "पण उजवीकडे. या बाजूने नाही दिसणार तुम्हाला."

"तुला काय करायचंय चंद्राशी?"

"उजवीकडची खिडकी मी मुद्दाम घेतलेली."

त्र्यंबकरावांना समजायला क्षणभर लागला. "कधीपासून?"

"ऑगस्टपासून. तुम्ही?"

"मीही. मला सांगायचंस की!"

"तुम्ही हसला असता."

"मला वाटलं, तू हसशील."

"इतकी वर्षं एवढं हसलोय आपण, बाबा," वल्लरी म्हणाली, "की आता एकमेकांची भीती वाटते."

प्रीतीने नाक ओढलं आणि पडद्यामागे जाऊन वल्लरीच्या शेजारच्या तरुणाला "जरा पुढे येऊन बसता का?" असं विचारलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत तो पुढे येऊन बसला होता.

त्र्यंबकराव मागे त्याच्या जागी, वल्लरीशेजारी बसले. खिडकीत चंद्र होता, पंखाच्या जरा वर, तांबूस.

"कॅलेंडरात अजून वेळ आहे," त्र्यंबकराव म्हणाले.

"कॅलेंडरवाले जमिनीवर असतात, बाबा."

"चालेल ना पण?"

"आई काय म्हणायची? दिसला की झालं."

दोघांनी काचेला हात जोडले. वल्लरीने पिशवीतून डबा काढला. पोळ्या, बटाट्याची भाजी आणि खव्याचे मोदक. गुडघे पुढच्या सीटला टेकवून दोघं जेवू लागली.

"भाजीत मीठ नाही," दुसऱ्या घासाला त्र्यंबकराव म्हणाले.

"माहितीये. उपास होता ना, चाखता नाही आली."

यावर मात्र दोघांना हसू आलं आणि ते आवरेना. पुढे तो तरुण सुहासिनीबाईंच्या पॉइंट्सचं पनीर संपवून दुसरं आइस्क्रीम मागत होता. नंतर पाय लांब करून तो दिल्लीपर्यंत घोरला.

विमानतळाबाहेर सौमित्र उभा होता, पण त्याचं लक्ष दाराकडे नव्हतं. मान उंच करून तो भलतीकडेच बघत होता.

"अरे, आम्ही इकडे!" वल्लरीने हाक मारली.

तो दचकला. "आलात? मी गाडी कुठे लावली तेच शोधत होतो."

"चेहरा का असा? जेवलास ना?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"नाही, आज ऑफिसात इतकं काम होतं ना, दिवसभर वेळच नाही झाला." बोलता बोलता त्याची नजर पुन्हा वर गेली.

"गाडी आभाळात लावलीयस का रे?" वल्लरी म्हणाली.

सौमित्रने खिशातून किल्ली काढली आणि परत ठेवली. त्र्यंबकरावांनी त्याला कोपराला धरून हळूच दोन पावलं बाजूला नेलं.

"त्या खांबाच्या पलीकडे बघ," ते म्हणाले. "आम्ही वरूनच बघून आलो."