ठाकूरांच्या खोलीतली रिकामी जागा

दर रविवारी सकाळी आठच्या सुमाराला अनंत ठाकूर आपलं कपाट ढकलायला घ्यायचे. आमच्या दोघांच्या खोल्यांत एकच पातळ भिंत होती, त्यामुळे तिकडे कपाट सरकलं की इकडे माझ्या फळीवरचे डबे नाचायचे. पहिल्या रविवारी मला भूकंपच वाटला. मी बनियनवर बाहेर धावलो, तर ठाकूर दारात उभे. घामाघूम, आणि माझ्याहून जास्त घाबरलेले.

"शिंदे," ते म्हणाले, "समजा, हे कपाट माझ्या अंगावर पडलं, तर आधी पाय जातील की डोकं?"

ही आमची पहिली खरी ओळख.

नवी मुंबई हे नाव तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं. ठाणे-बेलापूर रस्त्याला नुकते कारखाने उभे राहत होते आणि शिरवण्याच्या एका पाटलांनी आपल्या आवारात आम्हा कामगारांसाठी पाच खोल्यांची ओळ बांधली होती. वर पत्रा, दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, मागच्या बाजूला एक खिडकी. मी साताऱ्याकडून आलेलो, कारखान्यात टाइमकीपर. ठाकूर त्याच कारखान्याच्या वजनकाट्यावर. चाळिशीला टेकलेले, अविवाहित. लग्न का केलं नाही असं विचारलं की म्हणायचे, "समजा, पटलं नसतं तर?" ते मूळचे उरणकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण काळजी वाढली की जीभ गावाकडे वळायची. त्यांच्या तोंडून 'आहे'च्या जागी 'हाय' आलं, की आम्ही ओळखायचो, गडी आज फार घाबरलाय.

खोलीत सामान मोजकंच. एक लोखंडी खाट, एक टेबल, एक आरामखुर्ची आणि ते आरशाचं शिसवी कपाट. कपाट त्यांनी मुंबईत एका लिलावात हौसेनं घेतलं होतं. ते आत आणताना दाराची चौकट काढावी लागली होती. चौकट पुन्हा बसली आणि कपाट कायमचं आत अडकलं.

त्यांची खरी अडचण खाटेची. खाट खिडकीखाली नको, समजा साप आला तर. कपाटासमोर नको, समजा कपाट पडलं तर. दारासमोर नको, समजा चोर आला तर त्याला पहिले ठाकूरच दिसायचे. मोरीजवळ ओल. राहिली पूर्वेची भिंत. तिथे ना खिडकी, ना दार, ना ओल. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद अशी झकास जागा. म्हणजे खाटेला खोलीत एकच सुरक्षित ठिकाण होतं आणि तेवढंच ठाकूर तिला देत नव्हते. तिथे ते काहीच ठेवत नसत. रोज ओल्या फडक्यानं पुसायचे आणि तिला वळसा घालून चालायचे.

एकदा चहा घेताना मी माझं स्टूल तिथे सरकवलं. ठाकूरांनी कपबशी तशीच खाली ठेवली.

"तिथं नको, शिंदे. ती जागा लागते."

"कशाला?"

"लागते," एवढंच म्हणून त्यांनी स्टूल उचललं. माझ्या उठण्याचीही वाट पाहिली नाही.

कारखान्यातही हाच घोर. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांनी खाट, टेबल, खुर्ची, कपाट तयार केलं होतं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या टेबलावर खडूनं खोली आखून ते तुकडे सरकवत बसायचे. एकदा पंख्याच्या वाऱ्यानं खाट उडाली ती समोरच्या वेल्डरच्या आमटीत पडली. तो ती बाहेर काढणार, तोच ठाकूर चिंतेनं म्हणाले, "हळू. तिचा एक पाय आधीच वाकलाय."

एका रविवारी त्यांनी कपाट दाराच्या आड लावलं. चोराचा बंदोबस्त झाला. दार मात्र आत उघडणारं. सोमवारी सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा झाला आणि आतून हाका ऐकू यायला लागल्या. कपाट दाराच्या कडीत अडकून बसलं होतं, हलेना. शेवटी आम्ही चौघांनी मागच्या खिडकीतून त्यांना बाहेर ओढलं. शर्ट फाटला, कोपर खरचटलं. कारखान्यापर्यंत त्यांचा एकच विचार चालू होता. "शिंदे, समजा, खिडकीला गज असते तर?"

आम्ही हसायचो. मीही हसायचो. माणूस एकटा आहे, त्याला काहीतरी चाळा हवा, असं मी धरून चाललो होतो.

मग एका संध्याकाळी पाटील आले. नवे कामगार रोज येत होते, खोल्या पुरत नव्हत्या. पाटलांनी ठाकूरांच्या दारातूनच आत नजर टाकली.

"ठाकूर, ही एवढी जागा मोकळी हाय. एक फिटर आलाय, त्याला हितं घे. नायतर खोली सोड. एकट्याला खोली द्यायला मला आता परवडत नाय."

साहेबापुढे मान वर न करणारे ठाकूर दारात आडवे उभे राहिले.

"नाय जमनार, पाटील."

"का?"

"ती जागा यमीची हाय."

यमी कोण, हे पाटलांना ठाऊक नव्हतं आणि मलाही. ठाकूर उंबऱ्यावरच बसले. बोलताना आमच्याकडे बघत नव्हते.

यमुना त्यांची धाकटी बहीण, पेणकडे दिलेली. तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली, तेव्हा ती एक गाठोडं घेऊन थेट इथे आली होती. कपाट नुकतंच आलं होतं. ठाकूरांनी ते तिला कौतुकानं दाखवलं आणि हसत म्हणाले, "यमे, आता या खोलीत मीच कसा मावतो बघ." तिनं चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि दुपारच्या एसटीनं परत गेली.

"मी गमतीनं बोललो होतो," ठाकूर म्हणाले. "नाय. गमतीनं नाय. लोक काय बोलतील, असं आलं होतं मनात. तिला ते कळलं."

पाटलांनी विचारलं, "याला किती दिस झाले?"

"दोन वर्सं."

"मग बोलवलं नाय तिला?"

ठाकूरांनी मान हलवली. दोन वर्षं दर रविवारी या माणसानं बहिणीसाठी जागा काढली होती, आणि तिला ये म्हणून एक ओळ लिहिली नव्हती.

"समजा, ती नाय म्हनली तर?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "ठाकूर, समजा ती वाट बघत असली तर?"

ते माझ्याकडे बघत राहिले. हा 'समजा' त्यांच्या डोक्यात कधी आलाच नसावा. पाटील निघून गेले. फिटरचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढच्या रविवारी माझे डबे हलले नाहीत. ठाकूर पहाटेच पेणला गेले होते. त्या दिवशी काळजीची पाळी माझी होती. मी उगाचच दोनदा स्टँडपर्यंत जाऊन आलो. ती नाही म्हणाली तर हा माणूस एकटा परत कसा येईल? तिचं बरंवाईट तर झालं नसेल? तिसऱ्यांदा निघालो, तेव्हा समोरून ठाकूर येताना दिसले. छातीशी दोन्ही हातांनी गाठोडं धरलेलं. चार पावलं मागे एक काटकुळी बाई, डोक्यावर पदर.

ठाकूरांच्या खिशातून किल्ली घेऊन मी दाराचं कुलूप काढून दिलं. ठाकूर आत गेले आणि गाठोडं हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. यमुना उंबऱ्याबाहेर थांबली. तिनं चपला काढल्या, भिंतीशी नीट लावल्या, पण पाऊल आत टाकलं नाही.

"दादा," ती हळूच म्हणाली, "येऊ का आत?"

ठाकूरांनी गाठोडं खाली ठेवलं, बाहेर येऊन वाकले आणि तिच्या चपला उचलल्या.

"या आत असू देत," ते म्हणाले. "हितं कुत्री चपला नेतात. अनवानी परत कशी जाशील?"

"परत नाय जायचं मला," यमुना म्हणाली.

"मग नेऊ देत," ठाकूर म्हणाले. पण चपला त्यांनी आतच नेल्या.